टीएफए हवेतून जाते कसे: अभिक्रियेचा वाटा आणि पावसाचा वाटा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ट्रायफ्लोरोअॅसिटिक आम्लासाठी, म्हणजे एसीतले फ्लोरिनयुक्त वायू हवेत फुटून तयार होणाऱ्या टीएफएसाठी, तुम्ही एक साधे बॉक्स मॉडेल (सारी हवा एका पेटीत धरून केलेला हिशेब) तयार केले. त्यात हायड्रॉक्सिल रॅडिकलशी, म्हणजे हवेतल्या ओएच या अतिक्रियाशील तुकड्याशी, होणारी अभिक्रिया घातली. आयुर्मान ११६ दिवस निघाले आणि हवेतले प्रमाण प्रत्यक्ष मोजमापांपेक्षा दहा-पंधरा पट जास्त आले. मग या आम्लाला खाणारी कोणती अभिक्रिया राहून गेली?

कोणतीही नाही. राहिलाय तो पाऊस.

तुमचा हिशेब मी करून पाहिला, तो बरोबर आहे. हवेत सरासरी दर घन सेंटीमीटरला दहा लाख हायड्रॉक्सिल रॅडिकल धरले आणि वेगस्थिरांक, म्हणजे अभिक्रिया किती झपाट्याने होते त्याचा आकडा, दहाचा उणे तेरावा घात घेतला, की आयुर्मान एक कोटी सेकंद येते, म्हणजे ११६ दिवस. प्रयोगशाळांतले आकडे याच्याच आसपास आहेत, थोडे इकडे, थोडे तिकडे. ते दुप्पट केले तरी तुमची तफावत भरून निघत नाही. त्यामुळे वेगस्थिरांकाच्या मागे लागून आठवडा घालवू नका. मी उमेदवारीच्या काळात तो घालवला आहे.

तरीही ही अभिक्रिया एकदा नीट पाहून ठेवा, कारण हवेत कार्बन-फ्लोरिन बंध खरोखर तुटतो असा टीएफएचा जवळजवळ हा एकच रस्ता आहे. हायड्रॉक्सिल रॅडिकल आम्लाचा हायड्रोजन ओढून घेतो आणि पाणी होऊन बाजूला होतो. मागे राहिलेला तुकडा क्षणात कार्बन डायऑक्साइड टाकून देतो आणि उरतो नुसता सीएफ३ रॅडिकल, एक कार्बन आणि तीन फ्लोरिन. तो ऑक्सिजन घेतो, पुढे सीएफ३ओ होतो, त्यातून कार्बोनिल फ्लोराइड बनते आणि ढगातल्या पाण्यात त्याचे कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड होते. म्हणजे रेणू खऱ्या अर्थाने संपतो. प्रकाशाने हे काम होत नाही. जमिनीपर्यंत पोहोचणारा सूर्यप्रकाश साधारण २९० नॅनोमीटरच्या पुढचा असतो आणि टीएफए शोषून घेते ते त्याच्या अलीकडचे.

आता पाण्याकडे या, खरा कारभार तिथे आहे.

टीएफएची विद्राव्यता हेन्रीच्या स्थिरांकात (हवेतल्या ठरावीक दाबाला पाण्यात किती विरघळते ते) सांगायची तर साधारण ९,००० मोल प्रति लिटर प्रति अॅटमॉस्फिअर. या आकड्यात विशेष काही नाही, व्हिनेगरमधले अॅसिटिक आम्लही याच घरात आहे. फरक पडतो तो आम्लाच्या ताकदीने. तीन फ्लोरिन इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचून धरतात, त्यामुळे टीएफएचा पीकेए (हा आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र) ०.५ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. अॅसिटिक आम्लाचा ४.७६ आहे. ढगाच्या थेंबाचा पीएच ४.५ धरा. अशा थेंबात शिरलेल्या टीएफएच्या दहा हजार रेणूंपैकी एखादाच अखंड आम्ल म्हणून राहतो, बाकीचे सगळे आयन होऊन बसतात. हवेत परत उडून जाता येते ते अखंड रेणूलाच, आयनाला नाही. म्हणून थेंबाची प्रत्यक्ष धारणक्षमता ९,००० च्या दहा हजार पट होते, म्हणजे नऊ कोटी.

हा आकडा ढगात घालून पाहा. साध्या ढगात दर घनमीटर हवेत ०.३ ग्रॅम पाणी असते, म्हणजे आकारमानाने हवेच्या जेमतेम एक कोटी भागांत तीन भाग. तापमान दहा अंश सेल्सिअस. गुणाकार केला की थेंबातले आणि हवेतले टीएफए यांचे गुणोत्तर ६०० च्या वर जाते. म्हणजे एवढ्याशा पाण्यात ९९.८ टक्के टीएफए जाऊन बसते. त्याच ढगात अॅसिटिक आम्ल थेंबांत असते दहा टक्क्यांच्या आतबाहेर, बाकीचे हवेतच फिरत राहते. दोन्ही रेणूंचा सांगाडा तोच, मिथाइलवरचे तीन हायड्रोजन काढून तीन फ्लोरिन बसवले एवढाच बदल. पण एकाला पाऊस अर्धवट धुतो आणि दुसऱ्याला पुसून नेतो. विद्यार्थ्यांना मी हा गुणाकार फळ्यावर करून दाखवतो, नुसते 'अतिविद्राव्य' म्हणून पुढे जात नाही. तो शब्द दोन्ही आम्लांना लावता येतो आणि त्यातच घोळ होतो.

ढग नसेल तेव्हा मात्र चित्र उलटते, आणि इथे अनुभवी लोकही चुकतात. 'एवढे पाणीप्रिय आम्ल आहे, ते हवेतल्या बारीक कणांवरच बसलेले असणार', असे गृहीत धरतात. कोरड्या दिवशी कणांवर पाणी किती असते? घनमीटरला काही मायक्रोग्रॅम, फार तर दहा-वीस मायक्रोग्रॅम. ढगाच्या मानाने हजारो पट कमी. शिवाय हे कण बहुधा ढगाच्या थेंबापेक्षा जास्त आम्लधर्मी, पीएच दोन-तीनच्या घरात. हेच गणित त्या आकड्यांवर केले, की कणांवर हजारातला एक भागही निघत नाही. पाऊस नसताना टीएफए मुख्यतः वायू म्हणूनच असते. समुद्री मिठाच्या किंवा धुळीच्या क्षारधर्मी कणांवर थोडे जास्त बसते, तेवढाच अपवाद. तेव्हा मॉडेलमध्ये कणांचे आयुर्मान टीएफएला जसेच्या तसे चिकटवू नका.

वायूरूपातले टीएफए पाऊस नसतानाही खाली उतरत असते. ओले गवत, पाने, माती, पाण्याचा पृष्ठभाग, जिथे टेकेल तिथे चिकटते. या बाबतीत ते नायट्रिक आम्लासारखे वागते आणि मॉडेलवाले बहुतेक तसेच धरतात. उतरण्याचा वेग सेकंदाला एक सेंटीमीटर आणि मिसळलेल्या हवेचा थर एक किलोमीटर जाड घेतला, तर तो थर रिकामा व्हायला एक लाख सेकंद लागतात, साधारण सव्वा दिवस. हे झाले जमिनीलगतच्या थराचे. वरच्या हवेतले टीएफए खाली येईपर्यंत किंवा ढगात सापडेपर्यंत वाट पाहावी लागते. सगळ्याची गोळाबेरीज केली, की वातावरणातले एकूण आयुर्मान आठवडाभराच्या आसपास येते. आता ११६ दिवसांना सात-आठने भागा. तुमची दहा-पंधरा पटींची तफावत समोर दिसेल.

पाऊस मॉडेलमध्ये घालताना एक काळजी घ्या. वर्षाची सरासरी काढून रोज थोडा थोडा पाऊस पाडू नका. खरा पाऊस सरींनी येतो. दहा दिवस काही नाही, मग तासाभरात सगळे धुऊन निघते. एकच सर मिलिमीटर-मिलिमीटर पाऊस वेगळा करून गोळा केली, तर पहिल्या मिलिमीटरमध्ये टीएफए सर्वांत दाट येते आणि पुढच्या बाटल्यांत ते उतरत जाते. म्हणून पावसातल्या प्रमाणाच्या आकड्याला एकट्याने अर्थ नाही, किती मिलिमीटर पाऊस होता ते शेजारी लिहिलेले हवे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर, तेव्हा हिशेब सोपा आहे. जर्मनीत २०१८-१९ मध्ये देशभर गोळा केलेल्या पावसात टीएफएची पर्जन्यभारित सरासरी (जास्त पावसाच्या नमुन्याला जास्त वजन देऊन काढलेली) लिटरला ०.३३५ मायक्रोग्रॅम आली होती. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस झाला असे धरले तर दर चौरस मीटरवर २०० मायक्रोग्रॅम उतरले. तुमचे मॉडेल तपासायला हवेतल्या प्रमाणापेक्षा हा आकडा जास्त भरवशाचा आहे.

मोजमापाचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगतो. पावसाचे नमुने घेण्याच्या आमच्या एका फेरीत कोऱ्या नमुन्यातही टीएफए निघत होते. कोरा नमुना म्हणजे तोच नरसाळा, तीच बाटली, फक्त पावसाऐवजी शुद्ध पाणी. आधी नरसाळ्यावर संशय घेतला, मग टेफ्लॉनच्या नळीवर, मग पाण्यावर. नळी बदलली, पाणी बदलले, आकडा हलेना. दोन आठवड्यांनी उलगडा झाला. त्याच उपकरणावर शेजारचा गट पेप्टाइड वेगळी करत होता, आणि पेप्टाइडवाले वाहत्या द्रावणात हमखास टीएफएच घालतात. पंपापासून स्तंभापर्यंत सगळीकडे ते मुरले होते. तेव्हापासून टीएफएसाठी वेगळे उपकरण, आणि दर दहा नमुन्यांमागे एक कोरा नमुना. कोऱ्या नमुन्यांचे आकडे न देणाऱ्या जुन्या अहवालांकडे मी तेव्हापासून जरा तिरक्या नजरेने पाहतो. जाता जाता एक गंमत: मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये टीएफए ओळखतात ते ११३ वस्तुमानाच्या आयनापासून ६९ चा तुकडा निघतो त्यावरून. गेलेले ४४ म्हणजे कार्बन डायऑक्साइड. हवेत हायड्रोजन गमावल्यावर त्या रेणूचे जे होते त्याचाच हा उपकरणातला भाऊ.

आता माझ्या उत्तराचा जो भाग तुम्ही विचारलेला नाही, पण ज्यावर तुमचा निकाल खरोखर ठरेल. आम्ल हवेत आले, की आठवडाभरात खाली येणार, यात फारसा वाद नाही. मग एकूण किती खाली येणार? ते ठरते आम्ल तयार होण्याच्या आधीच, त्याचे पूर्वज वायू कसे फुटतात त्यावर. आणि तिथले रसायन फार नाजूक आहे.

एचएफसी-१३४ए घ्या, गाड्यांच्या एसीत वर्षानुवर्षे वापरलेला वायू. त्याचे आयुर्मान १४ वर्षांच्या घरात. हायड्रॉक्सिल रॅडिकल त्याचा एक हायड्रोजन काढतो, पुढे ऑक्सिजन आणि नायट्रिक ऑक्साइडची गाठ पडते आणि एक अल्कॉक्सी रॅडिकल (ऑक्सिजनचे टोक असलेला क्रियाशील तुकडा) तयार होतो. याच्यापुढे दोन वाटा. ऑक्सिजनशी अभिक्रिया झाली तर ट्रायफ्लोरोअॅसिटिल फ्लोराइड बनते आणि त्याचे पुढे टीएफए होते. मधला कार्बन-कार्बन बंध तुटला तर सीएफ३ वेगळा होतो आणि टीएफएचा प्रश्नच उरत नाही. थंड हवेत पहिली वाट जास्त चालते, उबदार हवेत दुसरी. शिवाय नायट्रिक ऑक्साइडशी झालेल्या अभिक्रियेतून हा रॅडिकल जन्मतो तोच तापलेला असतो. त्यातले बरेचसे ऑक्सिजनचा रेणू आदळण्याआधीच फुटून जातात. या सगळ्यामुळे १३४ए च्या शंभर रेणूंमागे टीएफए होतात ते ७ ते २०.

त्याच्या जागी आलेला एचएफओ-१२३४वायएफ वेगळा. त्यात दुहेरी बंध आहे, हायड्रॉक्सिल रॅडिकल थेट त्याच्यावर जाऊन बसतो, आणि वायू दहा-बारा दिवसांत संपतो. हवामानासाठी हे उत्तमच. पण फुटताना तो जवळपास प्रत्येक वेळी ट्रायफ्लोरोअॅसिटिल फ्लोराइडच देतो. ते निम्न वातावरणातल्या प्रकाशाने तुटत नाही, ढगाच्या पाण्यात मात्र शिरले की लगेच हायड्रोलिसिस (पाण्याशी अभिक्रिया) होऊन टीएफए होते. १२३४वायएफचा रेणुभार ११४ आणि टीएफएचाही ११४, हा निव्वळ योगायोग आहे, पण हिशेबाला फार सोयीचा: एक किलो वायू सुटला, की एक किलो टीएफए. १३४ए च्या एका किलोमागे टीएफए येते ८० ते २२० ग्रॅम, तेही दशकांत पसरून आणि साऱ्या पृथ्वीभर. १२३४वायएफचे आम्ल मात्र काही आठवड्यांत, वारा नेईल त्या पट्ट्यात उतरते. वारा दिवसाला आठशे-नऊशे किलोमीटर सहज कापतो, म्हणून 'स्थानिक प्रदूषण' हा शब्दही इथे बसत नाही. सोडणारा एक, झेलणारा दुसरा.

युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशामुळे २०१७ पासून तिथल्या सर्व नव्या गाड्यांत १३४ए बंद झाला. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने (ओझोनविषयक मॉन्ट्रियल करारातला बदल) एचएफसी, म्हणजे १३४ए च्या कुळातले वायू, जगभर कमी करत न्यायचे ठरले. तापमानवाढीच्या दृष्टीने दोन्ही निर्णय योग्य होते असे मी मानतो. टीएफएचे खाते त्या वेळी अगदीच अपरिचित होते असेही नाही. प्रमाण नगण्य राहील असे धरले गेले. कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागातल्या हिमगाभ्यांत १९९० नंतरच्या थरांमध्ये टीएफए चढत गेलेले दिसते, आणि तो चढ १२३४वायएफच्याही आधी सुरू झालेला आहे. ओझोन थर पोखरणाऱ्या जुन्या सीएफसींची जागा घेतलेल्या वायूंचीच ती खूण आहे.

लांब कार्बनसाखळीच्या फ्लोरिनयुक्त आम्लांबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारले आहे. त्यांचा एक महत्त्वाचा हवेतला स्रोत म्हणजे फ्लोरोटेलोमर अल्कोहोल, कपड्यांना आणि गालिच्यांना डाग लागू नयेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या रसायनांतून निसटणारी. त्यांचे आयुर्मान दोन-तीन आठवडे. इथे एक उलटा प्रकार घडतो. हवा घाणेरडी असेल, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइड भरपूर असतील, तर साखळी एकेक कार्बन टाकत उसवत जाते आणि लांब आम्ल कमी बनते. हवा स्वच्छ असेल, समुद्रावर किंवा ध्रुवाकडे, तर पेरॉक्सी रॅडिकलची (ऑक्सिजन जोडला गेलेल्या साखळीची) गाठ हायड्रोपेरॉक्सी रॅडिकलशी पडते आणि सबंध साखळीचे आम्ल तयार होते. शहराच्या हवेत जे घडत नाही ते निर्मळ हवेत घडते. तयार झाल्यावर ही आम्लेही पावसाने उतरतात, हायड्रॉक्सिल रॅडिकलशी त्यांची अभिक्रियाही अशीच संथ, तीन-चार महिन्यांची. पण लांब साखळीला पाण्यात बुडून राहणे आवडत नाही, ती पृष्ठभागावर तरंगते. समुद्रात बुडबुडा फुटला की त्या पृष्ठभागाचे तुषार उडतात आणि पीएफओएसारखी (आठ कार्बनांच्या साखळीचे असेच आम्ल) आम्ले त्यांच्यावर स्वार होऊन पुन्हा हवेत येतात. टीएफए एवढे लहान आहे, की त्याला ही शिडी फारशी लाभत नाही. तुमच्या मॉडेलमध्ये पीएफओए असेल तर समुद्राकडून उलटा प्रवाह ठेवा, टीएफएसाठी नाही ठेवला तरी चालेल.

क्रीगी रॅडिकलबद्दल कोणीतरी तुम्हाला सांगेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ओझोन जेव्हा झाडांतून निघणाऱ्या दुहेरी बंधांच्या वायूंना तोडतो तेव्हा हे तुकडे तयार होतात. टीएफएशी त्यांची अभिक्रिया हायड्रॉक्सिलपेक्षा हजारो पट जलद आहे, जवळजवळ प्रत्येक टक्कर फळाला येते. पण त्यांची संख्या फार तोकडी, कारण हवेतले पाणीच त्यांना खाते. घन सेंटीमीटरला हजार असतील तरी टीएफएचे आयुर्मान महिनाभराचे निघते. घनदाट जंगलांवर ही वाट मोजण्याजोगी असू शकते, इतरत्र पाऊसच पुढे. आणि ही अभिक्रिया रेणू मोडत नाही, त्याला जोड लावते. तीन फ्लोरिनचा तो टोकाचा गट जसाच्या तसा त्या नव्या, जड रेणूत राहतो आणि कणावर बसून खाली येतो. हे टीएफए नष्ट होणे म्हणून मोजू नका.

वर आलेल्या हायड्रोजन फ्लोराइडचे मात्र एका ओळीत संपते: त्याला हायड्रॉक्सिल रॅडिकल काहीच करू शकत नाही. त्यातला बंध ५७० किलोजूल प्रति मोलचा, पाण्यातला ४९७ चा, म्हणजे अभिक्रिया चढावर जाते. खालच्या हवेत पाऊस त्याला नेतो. स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, पाऊस नाही, म्हणून तिथे ते साठत राहते, आणि १९९१ पासून उपग्रहांनी त्याच साठ्यावरून फ्लोरिनयुक्त वायू किती फुटले याचा माग ठेवला.

खाली उतरल्यावर टीएफएचे काय होते हे तुमच्या मॉडेलच्या बाहेरचे आहे, पण पेटीचा तळ 'अंतिम' धरण्यापूर्वी एवढे पाहा. पीएच ७ च्या पाण्यात एक कोटी रेणूंपैकी तीनेक रेणूच आम्लरूपात असतात, त्यामुळे जमिनीवरून किंवा तळ्यातून ते परत उडत नाही. मातीला ते फारसे चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली झिरपते. झाडे ते मुळांतून घेतात, पाणी पानांतून उडते आणि टीएफए पानात राहते. ज्या तळ्यांना बाहेर जायला वाट नाही, तिथे पाणी उडत जाते आणि हे दरवर्षी थोडे दाट होते. तेव्हा पेटीचा तळ बंद ठेवलात तर चुकणार नाही. फक्त त्या खात्याला 'नाश' असे नाव देऊ नका, 'जमा' म्हणा, आणि हायड्रॉक्सिलच्या खात्यापासून वेगळे ठेवा. दोन्ही वेगळी ठेवली की दिसेल, हवेतून गेलेल्या शंभर रेणूंपैकी खरोखर मोडलेले पाच-सात.

मॉडेल पुन्हा चालवाल तेव्हा आधी दहा दिवस पाऊस बंद ठेवून पाहा. टीएफए सुरुवातीला भरभर चढेल, मग कोरडे उतरणे वाढून चढ मंदावेल. अकराव्या दिवशी दहा मिलिमीटरची सर पाडा. आलेख कड्यावरून कोसळल्यासारखा खाली आला तर गणित जुळले. हळूहळू उतरला तर पीकेए कुठेतरी राहून गेलाय, विद्राव्यतेचे नुसते ९,००० घातले असणार.